छ्रांगडा नावाचा मासा

मी 'सी'त काम करतो, असं काकाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला फार आनंद झाला. "म्हणजे दर्यार?" तो म्हणाला. सी म्हणजे समुद्र, एवढं इंग्रजी पर्यटकांच्या कृपेनं मालवणच्या किनाऱ्यावर सगळ्यांना येतं. मी समजावलं, की ही कम्प्युटरची भाषा, १९७२च्या आसपास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची नावाच्या माणसानं केली, समुद्राशी तिचा काही संबंध नाही. काकाचा चेहरा पडला. पंधरा वर्षं झाली, तो अजून लोकांना सांगतो, "आमचो पुतणो सीत आसा." लोक विचारतात, खंयच्या बोटीर?

खरं तर मी पुण्यात बसून मोटारींच्या पोटातल्या चिमुकल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहितो. काच वर गेली पाहिजे, काच खाली आली पाहिजे. त्या यंत्रात फाइल नसते, फोल्डर नसतो, आणि मराठी तर नसतेच नसते. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे घडलं त्यात बचावाला माझ्याकडे एवढंच आहे.

गेल्या जुलैत गावी गेलो होतो. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, त्यामुळं काका घरी. काकाचा धंदा म्हणजे एक टेम्पो आणि एक वही. टेम्पो आचऱ्यापासून रेडीपर्यंत किनारा धरून फिरतो, ठिकठिकाणी मासे घेतो आणि ठिकठिकाणी देतो. कुठून काय घेतलं, कुणाला किती दिलं, हे सगळं वहीत. दोन रात्री कुळथाची पिठी ओरपत मी ती वही चाळली आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "काका, हे सगळं मी कम्प्युटरवर आणून देतो. बटण दाबलं की गिऱ्हाइकाचं बिल तयार."

"कित्याक?" काका म्हणाला.

एवढ्या एका शब्दाला मी नीट उत्तर दिलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

चुलतभाऊ तयारच होता. त्यानं डी ड्राइव्हवर मालवण नावाचा फोल्डर केला, त्यात गावांचे फोल्डर, गावांत माशांचे, आणि माशांत 'नवी' आणि 'जुनी' अशा दोन फाइली. नावं सगळी रोमन लिपीत. वही मी मोठ्यानं वाचायची, त्यानं टाइप करायचं. काकाचं अक्षर वाचणं सोपं नाही. शिवाय काही नावांच्या आधी एक तिरकी रेघ होती, समुद्राकडं कललेल्या माडासारखी. भावानं विचारलं, "दादा, ह्या काय?" मी म्हटलं, "पेन चालतंय का बघितलं असेल. सोड." काका आत घोरत होता. त्याला उठवून विचारण्याइतका प्रश्न महत्त्वाचा वाटला नाही.

मग मी प्रोग्राम लिहायला बसलो.

ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फाइल उघडायची तर तिचा रस्ता सांगावा लागतो. आधी ड्राइव्ह, मग फोल्डर, मग आतला फोल्डर, मग फाइल, आणि प्रत्येकाच्या मध्ये एक तिरकी रेघ. विंडोजमध्ये ही रेघ मागं कललेली असते: \. तिला बॅकस्लॅश म्हणतात. गोम अशी, की सी भाषेत याच रेघेला वेगळंच काम आहे. अवतरणचिन्हांत ही रेघ दिसली की कम्पायलर, म्हणजे आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषी, समजतो, पुढचं अक्षर जसं लिहिलंय तसं वाचायचं नाही, त्याचा अर्थ वेगळा. रेघेपुढे एन आला तर तो एन नव्हे, नवी ओळ. टी आला तर मोकळी जागा. बी आला तर एक घर मागं. आर आला तर ओळीच्या सुरुवातीला परत. व्ही आणि एफ हे कागद पुढं सरकवणारे. आणि ए आला तर घंटा. ही सगळी टेलिप्रिंटरच्या जमान्याची पुण्याई. पलीकडच्या तार कचेरीतला माणूस पेंगत असला तर त्याला उठवायला यंत्रात खरोखरची घंटा असायची. यंत्रं भंगारात गेली, घंटा सीमध्ये राहिली.

अशी सात अक्षरं. आता सिंधुदुर्गाचा किनारा डोळ्यांपुढे आणा. आचरा. भोगवे. निवती. रेडी. तारकर्ली. वेंगुर्ला. सातांपैकी सहा अक्षरं गावांनीच भरली, आणि एफसाठी अख्खं फिश मार्केट. रिचीसाहेब कधी आमच्या किनाऱ्याला लागल्याची नोंद नाही, पण भाषा रचताना समोर आमचा नकाशा असावा असा संशय घ्यायला जागा आहे. देवगड, कुडाळ, सर्जेकोट आणि खुद्द मालवण मात्र वाचले. त्यांच्या अक्षरांना रेघेपुढे काहीच अर्थ नाही. कम्पायलर एक वॉर्निंग देतो, रेघ गाळतो आणि अक्षर तसंच ठेवतो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवी ओळ आणायला मी तीच रेघ रोज वापरतो. पण आळसानं मी सगळे रस्ते विंडोजमधून उचलून थेट कोडात चिकटवले. रस्ते वेगळ्या फाइलीतून वाचले असते तर काही बिघडलं नसतं, कारण रेघेचा हा अर्थ फक्त कोडात लिहिलेल्या मजकुराला लागतो. रात्रीचा एक वाजला होता. कम्पायलरनं ढीगभर वॉर्निंग दिल्या. वॉर्निंगला मी एस.टी.तल्या 'हात बाहेर काढू नये' या पाटीपेक्षा जास्त मान देत नाही. फक्त उभादांड्याला तो अडून बसला. रेघेपुढे यू आला की त्याला युनिकोडचा चार आकडी क्रमांक लागतो, आणि त्या जागी आमचा उभादांडा. वॉर्निंग नव्हे, सरळ नकार. प्रोग्राम उभाच राहिला. मला वाटलं टायपिंगची चूक असेल. मी अख्खा उभादांडा यादीतून काढून टाकला. एक गाव वगळून मी पुढं निघालो, आणि माझ्या मनाला काही वाटलं नाही.

प्रोग्राम चालू केला. पहिलंच गाव आचरा.

आता एक बारकावा. भावानं कम्प्युटरला गणपतीतले स्पीकर जोडले होते, ज्यांच्यावर आरती तीन वाड्यांना ऐकू जाते. आणि मी प्रोग्राममध्ये अशी सोय केली होती, की फाइल उघडली नाही तर तिचा रस्ता पडद्यावर दाखवायचा आणि दोन सेकंद थांबायचं, माणसाला वाचता यावं म्हणून.

घंटा वाजली. दोन सेकंद गेले. घंटा वाजली. आचऱ्याच्या बावीस फाइली होत्या.

आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस तीन रात्री बाहेर राहतं. माझ्या पडद्यावर आचऱ्यातलं पहिलं अक्षर एकटंच गावपळणीला गेलं होतं, जाताना दर खेपेला घंटा वाजवत. मागं उरलं 'छ्रा'. त्यापुढे बांगडा. बांगड्याच्या बीनं रेघेबरोबर संगनमत करून एक घर मागं उडी मारली आणि 'छ्रा'च्या शेवटच्या अक्षरावर 'आंगडा' येऊन बसला. त्यापुढची 'नवी' फाइल, तिच्या एननं नवी ओळ काढली आणि उरलेलं 'अवी' खाली उतरलं.

चौथ्या घंटेला काकी उठली. सहाव्या घंटेला शेजारच्या घरात दिवा लागला. आठव्या घंटेला काका हातात विजेरी घेऊन पडद्यासमोर उभा. पडद्यावर एकाखाली एक:

डी:मालवणछ्रांगडा
अवी

काकानं दोनदा वाचलं. साठ वर्षं समुद्राकाठी काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच अज्ञान पाहिलं.

"छ्रांगडा?" तो म्हणाला. "ह्यो खंयचो मासो?"

मी गप्प.

"आणि ह्यो अवी कोण? तेका किती दिलास?"

उरलेल्या चौदा घंटा आम्ही चौघांनी उभ्यानं ऐकल्या. स्पीकरची वायर कुठली ते भावाला सापडेना आणि प्रोग्राम कसा थांबवायचा ते मला आठवेना.

सकाळी मी सगळ्या रेघा दुप्पट केल्या. सीमध्ये रेघेला रेघच म्हणायचं असेल तर ती दोनदा लिहावी लागते. आचरा परत आला, उभादांडा परत आला, छ्रांगडा नामशेष झाला. दोन तास रेघा मारून झाल्यावर मला आठवलं, की पुढं कललेली साधी रेघ, युनिक्सवाली, विंडोजलाही चालते. ती दिली असती तर काहीच दुप्पट करावं लागलं नसतं. विंडोजची मागं कललेली रेघ हा मुळात अपघातच. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत, १९८१ साली, फोल्डर नव्हतेच, आणि पुढं कललेली रेघ हुकमांना शेपूट जोडायला वापरून टाकलेली. १९८३मध्ये फोल्डर आले तेव्हा ती आधीच कामात गुंतलेली, म्हणून तिची उलटी बहीण रस्त्यावर आली. थोडक्यात, सरळ दार समोर होतं आणि मी भिंतीला धडका देत होतो. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४मध्ये सुरू झालं तेव्हापासून समोर उभं राहून दरवाजा न दिसण्याची मालवणला परंपराच आहे. पण किल्ल्याचा दरवाजा शिवाजी महाराजांनी मुद्दाम दडवला होता. माझा कुणी दडवला नव्हता.

इथं थांबायला हवं होतं. पण रात्रीच्या नाचक्कीनंतर मला काहीतरी उदात्त करून दाखवायचं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मग आमचे फोल्डर रोमन लिपीत का म्हणून? भाऊ म्हणाला, "दादा, चलता ता चलांदे." मी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत एकूण एक गाव, एकूण एक मासा मी देवनागरीत आणला. खिडकीत ती नावं काय देखणी दिसत होती! वेंगुर्ला. सौंदाळे. तारकर्ली. पितृऋण फेडल्यासारखं वाटलं. मग बिलांच्या फाइली बनवायचा हुकूम सोडला.

फाइली बनल्या. त्यांच्या नावांच्या जागी कुर्ल्या होत्या.

ही अतिशयोक्ती नाही. संगणकात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, युटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खातं. सीचा साधा 'एफ-ओपन' विंडोजमध्ये हे बाइट एका जुन्या पश्चिमी तक्त्यातून वाचतो. त्या तक्त्यात देवनागरी नाही. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असा जुना तक्ता कधी नव्हताच. मग तो एका अक्षराचे तीन तुकडे करतो: आधी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला ए, मग ¤, मग काहीतरी तिसरं. हे ¤ चिन्ह नीट बघा. मधे वाटोळं पोट, चार बाजूंना चार पाय. मालवणात लहान पोरही सांगेल ही कुर्ली आहे म्हणून. आचऱ्याच्या फाइलीच्या नावात चार कुर्ल्या. मालवणच्या नावात पाच. तारकर्लीच्या पहिल्या 'त'लाच दोन.

काका शेजारी येऊन बसला होता. त्यानं कुर्ल्या मोजल्या. मग सौंदाळ्याच्या फाइलीवर बोट ठेवलं. तिथं कुर्ल्यांच्या मधे दोन ठिकाणी ¥ असं चिन्ह होतं. औची आणि एची मात्रा तक्त्याच्या दुसऱ्या रांगेत पडते, तिथं कुर्लीच्या जागी येन.

"ह्यां जपानाचा ना?" पर्यटकांमुळं चलनंही येतात.

"हो. येन."

काका सुखावला. "मगे सौंदाळो जपानाक जाता म्हण."

यावर उपाय म्हणजे दुसरी खिडकी. विंडोज स्वतः फाइलींची नावं सोळा-सोळा बिटांच्या तुकड्यांत ठेवतं, आणि त्या भाषेत बोलणारा वेगळा 'डब्ल्यू-एफ-ओपन' आहे. आपलं नाव आधी त्या रुंद अक्षरांत बदलून घ्यायचं आणि मग त्या खिडकीवर जायचं. २०१९पासून विंडोज १०मध्ये 'माझा प्रोग्राम युटीएफ-८च बोलतो' असं लेखी सांगूनही चालतं. मला हे दोन्ही रात्री अडीच वाजता कळलं. दरम्यान लाईट दोनदा गेली. काकीनं तेवढ्यात देवासमोर माझ्या नावानं गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, ह्या पोराक वाट गावांदे, ह्येचा यंत्र एकदा चलांदे. भाऊ अंधारातून म्हणाला, व्हय म्हाराजा. लाईट आली, फाइली बनल्या, नावं शुद्ध मराठी. श्रेय कुणाचं यावर घरात दोन मतं आहेत, आणि माझं मत दुसऱ्या क्रमांकावर आहे.

सकाळी काका बिलं तपासायला बसला. बांगडा बरोबर. सुरमई बरोबर. सौंदाळ्यापाशी तो अडला.

"किलोक एकशे पस्तीस?"

बघितलं, तर वर्षभराच्या प्रत्येक नोंदीत सौंदाळ्याचा भाव एकशे पस्तीस. होळीला एकशे पस्तीस, दिवाळीला एकशे पस्तीस.

"वरसभर एकच भाव?" काका म्हणाला. "दर्या काय थांबलो?"

हे कोडं सोडवायला मला अख्खी दुपार लागली, आणि माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीतला हा सगळ्यात शिकवणारा मासा. माशाच्या नावासाठी मी वीस बाइटांची जागा ठेवली होती. वीस अक्षरांचा मासा कुठला असणार, हा हिशेब. पण मराठी अक्षर तीन बाइटांचं. 'बांगडा' लिहायला ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना अशी सहा घरं, म्हणजे अठरा बाइट, आणि शेवटची खूण धरून एकोणीस. बसला, अंग चोरून. 'सौंदाळे'ची घरं सात, म्हणजे एकवीस बाइट. विसात एकवीस. आणि सी ही अशी भाषा आहे, की 'जागा पुरत नाही' असं ती सांगत नाही. उरलेला माल ती शेजारच्या घरात ठेवून देते. शेजारचं घर भावाचं होतं. दरभावाचं. तिथं सौंदाळ्याच्या शेवटच्या मात्रेचं शेपूट जाऊन पडलं. त्या शेवटच्या बाइटाचा आकडा एकशे पस्तीस. त्यामागोमाग मजकूर संपल्याची खूण, म्हणजे शून्य, येऊन वरचं घर पुसून गेली.

बांधावरून शेजारी घुसला तर आमच्या कोकणात तीन पिढ्या कोर्टात जातात. सीमध्ये हूं की चूं होत नाही. बाजारात लिलाव होऊन ठरलेला भाव एका मात्रेनं ठरवला. मी नावाची जागा दोनशे बाइट केली. काकाला एवढंच सांगितलं, की सौंदाळ्याच्या शेपटानं घोटाळा केला.

"शेपूट कापूनच देतंव आमी," काका म्हणाला.

मग उरला ॲडव्हान्स. खलाशांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. तिचा फोल्डर भावानं आधीच आपल्या मोबाइलवरून करून ठेवला होता: 'अॅडव्हान्स'. प्रोग्राम म्हणाला, असा फोल्डर नाही. मी डोळ्यांनी बघत होतो, आहे. प्रोग्राम म्हणाला, नाही. शेवटी त्यानं स्वतःचा एक बनवला. आता शेजारी शेजारी दोन फोल्डर, दोघांचं नाव तेच, आणि खलाशांच्या खात्यावर उचल शून्य. विंडोज एका जागी एका नावाचे दोन फोल्डर ठेवू देत नाही, हे मला शाळकरी पोरांना शिकवता येईल इतकं पक्कं माहीत आहे.

नावं एक नव्हतीच. भावाच्या मोबाइलनं 'अ' लिहून त्यावर चंद्र ठेवला होता. दोन घरं. माझ्या कीबोर्डनं चंद्रासकट एकसंध 'ॲ' लिहिला होता, ज्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. एक घर. डोळ्याला दोन्ही सारखे, बाइटांना वेगळे. 'ऱ्य'चीही हीच तऱ्हा. आचऱ्याचा अर्धा 'ऱ' लिहायच्या एकाहून जास्त रीती आहेत, त्यातल्या एकीत मधे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, आणि दोन रीतींनी लिहिलेले दोन 'आचऱ्याचा' एकमेकांना ओळखतही नाहीत. प्रोग्रामच्या दारातच सगळ्या रीती एका साच्यात आणून मगच आत सोडायच्या, हा त्यावरचा शहाणा उपाय. मी भावाचा फोल्डर पुसून टाकला, हा माझा उपाय. त्यात उचलीची सगळी यादी होती. ती काकाच्या वहीतून परत लिहिली. वहीला 'ॲ' चालत होता, 'अॅ' चालत होता, आणि काकानं तर मुळात 'आडवान' लिहिलं होतं.

शेवटी पाचव्या दिवशी रात्री सगळं जुळलं. चौसष्ट बिलं. नावं मराठीत, भाव बरोबर, बेरीज बरोबर. मी निश्चिंत झोपलो. झोपण्यापूर्वी भावाला म्हटलं, "आता ही पाठवायला हरकत नाही." माझ्या मनात होतं, पुढं कधीतरी. त्यानं त्याच रात्री सगळी व्हॉट्सॲपवर पाठवली.

सकाळी सात वाजता पहिला फोन काकीच्या माहेरून. तिच्या भावाला बिल गेलं होतं, सहा वर्षांच्या बांगड्यांचं, पैशासकट. काकीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "माझ्या म्हायेराक बिल?" ती एवढंच म्हणाली. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. आठ वाजता देवळाचे गुरव स्वतः आले, मोबाइल पुढं धरून, नम्रपणे विचारायला, की देवाच्या नावानं एकवीस किलो सुंगटं निघालीत ती कधी पोचली. नऊ वाजता मला चौथीत शिकवलेल्या बाईंचा निरोप आला. पैसे देऊन टाकते, पण बेरजेत 'एकूण' हा शब्द तू 'एकुण' लिहिलास.

काकानं वही मागितली. मग छापलेली बिलं मागितली. दोन्ही मांडीवर घेऊन एक-एक नाव ताडून बघितलं.

"ती रेघ खंय गेली?"

"कुठली रेघ?"

त्यानं वहीवर बोट ठेवलं. काकीच्या भावाच्या नावाआधी मागं कललेली तिरकी रेघ. देवळाच्या नावाआधी तीच. बाईंच्या नावाआधी तीच.

"मला वाटलं, पेन चालतं का बघितलंस."

"पेन चालता ता माका ठावक आसा," काका म्हणाला. "अशी रेघ मारली म्हणजे फुडला लिवला हा तसा वाचूचा नाय. माल गेलो, पैशे मागूचे नाय."

मी त्या रेघेकडे बघत बसलो. पुढचं जसं लिहिलंय तसं वाचायचं नाही. बेल लॅब्जमध्ये याला एस्केप म्हणतात, आणि त्यावर मी पंधरा वर्षं पगार घेतोय. काकानं ती स्वतःच शोधून काढली होती, टेम्पोच्या बोनेटवर वही ठेवून, रिचीची गाठभेट न होता. पाच दिवस मी कम्पायलरला शिव्या देत होतो, की रस्त्यातल्या साध्या रेघेत नको तो अर्थ बघतोस. आणि जिच्यात खरोखर अर्थ होता ती रेघ मी पहिल्याच दुपारी, मोठ्यानं वाचता वाचता, गाळून टाकली होती. कम्पायलरनं निदान वॉर्निंग दिली असती.

उरलेला दिवस आम्ही रेघा परत भरल्या. प्रोग्रामलाही ती शिकवली: नावाआधी ही रेघ दिसली तर बिल काढायचं नाही. पण ती एक रेघ ओळखायला कोडात दोन माराव्या लागल्या. सीला एक रेघ समजत नाही. काकानं ते बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या दर्याक सगळा डबल लागता."

सगळ्यात जास्त वेळा ती रेघ कुणाच्या नावाआधी होती, हे भरता भरता कळलं. नाव माणसाचं नव्हतं, गावाचं होतं. पंधरा वर्षं, बंदीचे महिने सोडले तर महिन्यातून एकदा तरी. सुरमई, सरंगे, कधी तिसऱ्या, रात्रीच्या बसनं बर्फात घालून. ते बिलही चौसष्टांत होतं. रक्कम सगळ्यात मोठी. भावानं ते मलाच पाठवलं होतं, आणि मी उघडून बघितलं नव्हतं.

निघताना काकानं खोका दिला. बंदीमुळं ताजं काही नव्हतं, सुके बांगडे आणि सोलं. वर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

\पुणे

मी एस.टी.त खोका मांडीवर घेऊन बसलो. मागं कललेल्या रेघेपुढे पी. सीमध्ये याला काहीच अर्थ नाही.